पाखरं म्हटलं म्हणून

आसेगाव,
१२ डिसेंबर १९५७

जहाजावरचे साहेब,

बाबूलाल माहा लहान भाऊ. तुमच्या जहाजावर अंधाऱ्या खोलीत बसून तो रडार पाह्यते. दूरचं विमान काचेवर ठिपका होऊन दिसते म्हणे. यंदा सुट्टीवर आला तं बाहीवरची हुद्द्याची पट्टी नव्हती. दोन दिवस खोदून इचारलं, तवा बोलला.

त्या सकाळी वीस मैलांवर ठिपका दिसला. तो तुमाले म्हणे, "साहेब, हे विमान नाही, पाखरं हायेत. वाऱ्यासंगं सरकून राह्यली." तुमी हासले. म्हणे मशीनले लोखंड दिसते, पंख नाही दिसत. भोंगा वाजवला, समदं जहाज तोफांवर उभं केलं. पाऊण तासानं डोक्यावरून करकोचे गेले, ओरडत! खलाशी हासले, अन् तुमी कागदावर काय लिवलं? बाबूलालनं विमान सांगतलं!

अहो, सहा वर्सं आमी दोघा बहीण-भावानं शेतातल्या माळ्यावर बसून हरभरा राखला. थवा लांबून कसा फुटते, पुन्हा कसा जुळते, हे त्याले नाही कळत तं काय तुमाले कळते? खोटं लिवून त्याची पट्टी काढली तुमी!

हे पत्र मी टाकत नाही. मशीनचं घरी बोलाची त्याले बंदी हाये. हे वाचलं तं तुमी त्याची नोकरीच खासान.

आज आमच्या हरभऱ्यात करकोचे उतरले. मी गोफण उचलली, अन् खाली ठेवली. म्हटलं, खा बापहो. माह्या भावाची खरी साक्ष तुमीच देल्ली.

तुमाले राम राम न घालणारी,
बेबीबाई