कलम सहा आणि एक हलणारा दात

माझ्या मागच्या मृत्युपत्रातले कलम सहा खोटे आहे. त्यात मी लिहिले होते : "माझा भाऊ तुरुंगात असून तेथील नियमांनुसार बारा वर्षांखालील मुलांना भेटीसाठी आत सोडत नाहीत. सबब त्याच्या मुलीला तिकडे नेण्याचा खटाटोप कोणी करू नये." असा नियम नाही. कधी नव्हता. तो मी बनवला. आमच्या घराण्यात आजवर किल्ल्या बनवल्या गेल्या. नियम बनवणारी मी पहिलीच. म्हणून ते मृत्युपत्र रद्द समजावे. त्याआधीची दोन, एक स्कूटर शिकण्यापूर्वीचे आणि एक अक्कलदाढ काढण्यापूर्वीचे, तीही रद्द. हे चौथे, आणि डॉक्टरांच्या हाताला यश न आल्यास शेवटचे.

मी, वय सत्तावीस, अविवाहित, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्ती, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. चहाखेरीज कसलाही अंमल नाही. कोणी दटावलेले नाही की फूस लावलेली नाही. उलट आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पित्ताशयातला खडा काढायला चाललीस, आणि थाट असा की लढाईवर निघालीस." घरात मला शंकी म्हणतात. कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून बघते. चौथ्यांदा ओढावेसे वाटले की मृत्युपत्र लिहायला घेते.

कलम एक. किल्ल्या कापायचे मशीन माझ्या भावाला, दादाला, द्यावे. तो सुटेपर्यंत आबांनी वापरावे, पण पट्टा सैल सोडू नये. शाळेत जाण्याआधी मी जे काही शिकले ते या मशीनसमोरच्या फळीवर बसून. आकडे किल्लीच्या दातांवर मोजले, अक्षरे कुलपांवरची नावे वाचून ओळखली. आबांचे धडे दोनच होते. पहिला : दार उघडण्याआधी विचारायचे, दार कुणाचे? दुसरा : नकलेवरून नक्कल कापायची नाही, गिऱ्हाइकाला मूळ किल्ली आणायला लावायची. नकलेची नक्कल दिसायला हुबेहूब असते, पण दर वेळी केसभर घासली जाते, आणि चौथ्या खेपेला कुलूप तिला ओळखच देत नाही.

पहिला धडा दादा विसरला. मित्राच्या सांगण्यावरून त्याने एका दुकानाचे मागचे दार उघडून दिले. दुकान मित्राचे नव्हते. दादाला संशय आला होता हेही खरे. त्याने विचारले नाही, कारण त्याला उत्तर नको होते. कोर्टात न्यायाधीशांनी विचारले, "किती वेळ लागला?" दादा म्हणाला, "चार मिनिटं, साहेब. गंजलं होतं, नाहीतर दोनच." आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातली निम्मी भोगून झाली आहे.

दुसरा धडा मी विसरले. ते कलम सहात येईल.

कलम दोन. दादाचे बसायचे स्टूल. निकालाच्या दिवशी आबांनी ते उचलून दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगले आणि सांगितले, "या घरात त्याचं नाव काढायचं नाही." त्यानंतर नाव निघालेले नाही, पण दर बुधवारी मी भेटीवरून परतले की आबा किल्ली घासायची कानस बाजूला ठेवतात आणि भिंतीकडे बघत विचारतात, "तिथलं कुलूप कसलं आहे?" एकदा दादाने पत्रात लिहिले, "आबांना सांग, मोठ्या दाराचं कुलूप" आणि पुढच्या ओळीवर पत्र तपासणाऱ्याने काळे फासले होते. आबांनी तो कागद उजेडाकडे धरून अर्धा तास भिंगातून पाहिला. शेवटी म्हणाले, "लिव्हरचं असणार." माणसाचे नाव काढायचे नाही, पण त्याला कोंडणाऱ्या कुलपाचा ध्यास. आबा, स्टूल खाली काढा. टांगलेल्या स्टुलावर कोणी बसू शकत नाही, आणि तुमचे डोके त्यावर रोज आपटते.

कलम तीन. शेजारच्या काकूंना त्यांचीच किल्ली. काकू महिन्यातून दोनदा स्वतःला घराबाहेर कोंडून घेतात आणि "अगं, जरा उघडून दे गं" म्हणत येतात. त्यांची जादा किल्ली आमच्या तिसऱ्या खिळ्याला आहे. गेल्या महिन्यात त्यांनी जिन्यात भाचीला "चोराची पोर" म्हटले. ती किल्ली त्यांना परत द्यावी, म्हणजे पुढच्या खेपेला चोराच्या घरी यायची पाळी येणार नाही. किल्ली चालते, मी तपासली आहे. तिच्यावर कानशीचा एकच जादा हात फिरवण्याचा मोह झाला होता. आवरला.

कलम चार. बँकेत जे काही आहे ते भाचीच्या तुरुंगापर्यंतच्या बसभाड्यासाठी. आकडा लिहीत नाही. वाचणाऱ्याला हसू येईल.

कलम पाच. स्कूटर कोणालाही देऊ नये. ती डावीकडे ओढते आणि ते फक्त मला कळते.

कलम सहा, दुरुस्त केलेले. दादाची मुलगी, जिला आम्ही भिंगरी म्हणतो, सात वर्षांची आहे. तिच्या आईने दुसरा संसार मांडला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भिंगरी माझ्या खोलीत, माझ्या पांघरुणात, बहुतेक आडवी झोपते.

सोळा महिन्यांपूर्वी मी पहिल्यांदा भेटीला गेले. दारावरच्या महिला शिपायाने माझ्या केसांतल्या पाचही पिना काढून घेतल्या. एका पिनेने काय काय उघडते हे तिला ठाऊक असावे. आत दादा जाळीपलीकडे बसला होता. बारीक झाला होता, पण ते नव्हे. त्याची नखे स्वच्छ होती. कुलूपवाल्याची नखे जन्मात स्वच्छ नसतात. ती नखे बघून मी इतकी रडले की ठरलेल्या वीस मिनिटांतली पंधरा त्यातच गेली, आणि दादालाच मला हसवावे लागले. म्हणाला, "शंके, बस कर. लोकांना वाटेल शिक्षा तुला झाली."

घरी आले तर भिंगरी पायरीवर बसलेली. "मी कधी जायचं?" मी म्हणाले, "बारा वर्षांखालच्यांना सोडत नाहीत." वाक्य आकड्यासकट तयारच बाहेर पडले. पोरीला धक्का बसेल, असे मी स्वतःला समजावले. धक्का मला बसला होता. आणि सगळ्यांनी मानले, कारण किल्लीबरोबर चुकून आलेली दुसऱ्याची अंगठी परत द्यायला अर्धे गाव पालथे घालणारी मी. माझ्यावर कोण शंका घेणार?

या कलमातली दुसरी चूक मागच्या वेळी मी लिहिलीच नव्हती. आता लिहिते. दादाने पुढच्या भेटीत विचारले, "तिला आणशील?" मी म्हणाले, "ती नको म्हणते." तो मान हलवून मशीनच्या पट्ट्याबद्दल बोलू लागला. परत त्याने विचारले नाही.

मग पत्रे सुरू झाली. दादाचे अक्षर भिंगरीला लागत नाही, आणि भिंगरीचे जगात कुणालाच. म्हणून दादाचे पत्र मी वाचून दाखवायची आणि भिंगरीचे मी लिहून घ्यायची. जिथे टोचेल तिथे कानस मारायची. भिंगरी सांगायची, "लिही. बाबा, तू मूर्ख आहेस. उघडलंस ते उघडलंस, मग पळाला का नाहीस?" मी लिहायची, "ती. बाबांस, तुमची फार आठवण येते." दादा लिहायचा, "भिंगरीला सांग, तिच्या बापाला इथे सगळ्यात घाण स्वयंपाक येतो म्हणून त्याला खेळणी दुरुस्तीला घातलंय." मी वाचायची, "बाबा मजेत आहेत. नीट अभ्यास कर." सोळा महिने मी दोघांना एकमेकांच्या नकला पुरवल्या, आणि त्यावर त्यांनी दिलेल्या उत्तरांच्या पुन्हा नकला.

तीन आठवड्यांपूर्वी भिंगरी म्हणाली, "आत्या, हे बाबा नाहीत."

"मग कोण?"

"तू. दर वेळी तूच असतेस."

त्याच आठवड्यात दादाचे पत्र आले. त्यातला मजकूर जसाच्या तसा, कानस न लावता : "शंके, ही पत्रं लिहिणारी पोर कुणाची आहे? माझी असती तर एव्हाना मला चार शिव्या आल्या असत्या. ती अजून नको म्हणते का? खरं सांग. शनिवारी इथे पोरांच्या भेटीची खोली भरते. मी त्या खोलीतली खेळणी नीट करून देतो, म्हणजे मला दारापर्यंत जाता येतं. चावीचं एक बदक आहे, त्याची आतली स्प्रिंग मी तीनदा बसवली. दुसऱ्यांची पोरं ते मोडतात, मी परत बसवतो. भिंगरीला समोरचा दात आला की पडला? पडला नसेल तर मला तो हलताना बघायचा होता. पण ती नको म्हणत असेल तर जोर करू नकोस."

काल बुधवारी दारावर मी महिला शिपायाला विचारले, "लहान मुलांना आत सोडतात?" विचारायचे कारण नव्हते. पाटी दारावरच आहे. सोळा महिने मी तिच्याखालून जात आले आहे. शिपाईबाई म्हणाली, "दर शनिवारी, नऊ ते अकरा. मागच्या शनिवारी दोन महिन्यांचं एक आलं होतं. साहेबांच्या वर्दीवर ओकलं. त्याला नाही आत ठेवलं."

मग जाळीसमोर बसून मी दादाला सगळे सांगितले. नियम नाही, ती नको म्हणाली नाही, पत्रे मी घासली. त्याची नखे मला दिसत होती. मग म्हणाला, "दात पडला?"

"हलतोय."

"मग लवकर आण. तुझ्याशी नंतर भांडतो."

घरी येऊन भिंगरीलाही सांगितले. मी मार खायच्या तयारीत होते. ती विचारात पडली आणि म्हणाली, "मग आता तुलाही आत टाकणार?" मी म्हणाले, या खोटेपणाला कलम नाही. "मग शनिवार कधी आहे?" म्हणाली, आणि तेव्हापासून दात सांभाळते आहे. बिस्किटे भिजवून, डाव्या बाजूने खाते. बोलताना तोंडावर हात. काल रात्री आबांनी दोरा बांधून ओढून देतो म्हटले तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी किंचाळली.

माझे ऑपरेशन शनिवारीच सकाळी ठरले होते. मी डॉक्टरांना फोन केला, "शनिवारी जमणार नाही, भाचीचा दात हलतोय." ते म्हणाले, "दातांचे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर." सगळे समजावून सांगितल्यावर म्हणाले, "बरं, सोमवारी या. खडा थांबेल." ऑपरेशननंतर मला तीन आठवडे बसप्रवास बंद आहे. खडा थांबेल, दात थांबणार नाही.

कलम सात. सोमवारी माझे बरेवाईट झाल्यास पुढच्या शनिवारपासून भिंगरीला आबांनी न्यावे. दादाचे तोंड बघायचे नसेल तर बदकाकडे बघावे, पण जावे. तिचा जन्मदाखला माझ्या पत्र्याच्या डब्यात आहे. भिंगरीचे व आबांचे नाव मी भेटीच्या यादीत काल घातले. साडेआठला दारात असावे. पिना, पट्टे, किल्ल्या अंगावर नकोत. आबांनी खिसे घरीच उलटे करावेत, त्यांच्या खिशात निदान सात कानशी निघतील. मंगळवारी दहा मिनिटांचा फोन असतो, तो आजवर भिंगरी शाळेत असताना मी एकटीच घेत आले. त्यात मोठ्यांनी स्वतःचे रडगाणे गाऊ नये, दहाही मिनिटे तिची. पत्रात ती जे सांगेल ते तसेच लिहावे, शिवी असली तरी, आणि तो जे लिहील ते तसेच वाचावे. ती बापावर रागावली तर तिला आवरू नये. राग पोचला म्हणजे पत्ता बरोबर आहे.

हे आबांना आधी वाचून दाखवले. ते कानस पुसत बसले. थोड्या वेळाने विचारले, "तिथे भिंग आत नेऊ देतात का?" मी म्हणाले, नाही. "मग चष्मा?" चष्मा नेऊ देतात. "हं," म्हणाले, आणि पहिल्यांदाच स्टुलाखालून डोके न आपटता गेले. याचा अर्थ लावायची जबाबदारी मी घेत नाही.

साक्षीदारांविषयी. समोरचे शिंपीकाका सही करायला आले तेव्हा त्यांनी आधी विचारले, "मला काय ठेवलंयस?" मी सांगितले, साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, कायदा आहे. "हाही तूच बनवलेला का?" म्हणाले. आता मला जन्मभर हे ऐकावे लागणार. तो कायदा खरा आहे, मी वकिलांना दोनदा विचारले.

वरचे सगळे मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि तिसऱ्यांदा वाचताना हात आवरला. हे मूळ आहे. याची नक्कल नाही.

सही : शंकी

साक्षीदार : १) शिंपीकाका (काही न मिळता, निषेध नोंदवून)
२) कोपऱ्यावरची झेरॉक्सवाली ताई

स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : गुरुवार, १२ मार्च

खुलासा : बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. कलम सहा त्याआधीच लागू होते. भिंगरीला मी तिच्या बाबांकडे नेणार आहे, दात तोंडात असताना, शनिवार, १४ मार्च, सकाळी नऊ वाजता.