चित्रातल्या घोड्याचा पाय

आईच्या पायाशी मंगलचा नमस्कार,

दिल्लीत मी खुशाल हाय. जेवण येळेवर होतं. आपली शेळी व्याली का?

आता माझी पहाऱ्याची ड्युटी जुन्या संसदेत लागलीय. तिथल्या गोल व्हरांड्यात इतिहासाची मोठाली चित्रं हायती. काल एक नव्वदीचा म्हातारा एका चित्राम्होरंच थांबला. त्याच्यासंगं आलेली बाकीची माणसं पुढं गेली तरी हलंना. इकडंतिकडं बघून त्यानं घोड्याच्या पायाकडं बोट नेलं. मला संशय आला. हात धरला, खिसं रिकामं करायला लावलं. नुसता चष्मा निघाला.

"पोरी, हे चित्र माझ्या गुरुजींचं. त्यांनी हा एक पाय मला रंगवायला दिला होता. आखूड झाला," तो म्हणाला.

मला वाटलं, थापा मारतोय. त्याला बाहेर काढलं. मग निवांत बघितलं, तर पाय खरंच आखूड! दारापर्यंत पळत गेले, पर त्यांची बस सुटली होती.

लय वाईट वाटलं. पर संशयाची सवय काय जात न्हाई. महिना झाला, आबा फोनवर आलं न्हाईत. कवा बी इचारलं की तू म्हणतीस, "रानात गेल्यात." भर पावसात बी रानात? आई, आबांचं खरं काय ते लिहून कळव.

तुझीच,
मंगल