यानात बोलणारी बाई

आई, तुझा आवाज मी सिनेमात परत बसवला. तो काढला कुणी होता, हे तुला ठाऊक नाही, कारण ते सगळं तू गेल्यावर झालं. मीच काढला होता. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही.

आपलं मुळशीतल्या नांदे गावचं घर आता तुला ओळखू यायचं नाही. भाताची खोली पाडून तिथं तीन मजले चढवलेत, वरच्या खोल्यांत आयटीत कामाला जाणारी पोरंपोरी राहतात. पण लिहायला बसलो की ती खोलीच समोर येते. आंबेमोहोराच्या पोत्यांचा वास येतोय, खिडकीला तरट ठोकलंय, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारी भिंतींना तू शिवलेल्या गोधड्या टांगल्यात. कोपऱ्यात माझं अंतराळयान उभं आहे, पत्र्याचे डबे, थर्माकोल आणि जुन्या रेडिओची बटणं यांचं. मी सत्तावीस वर्षांचा आहे आणि मराठीत असला सिनेमा आपल्याशिवाय कुणाला जमायचा नाही अशा गुर्मीत आहे. तू अकरा माणसांचा स्वयंपाक एकटी सांभाळतेयस आणि मधूनमधून चहाची किटली घेऊन थेट यानात शिरतेयस.

यानाच्या कॉम्प्युटरला आवाज द्यायला शहरातून एक बाई आल्या होत्या. त्यांनी अंगणातला चिखल बघितला, गोधड्या बघितल्या, "फोन करते" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचा फोन अजून यायचाय. ध्वनिमुद्रण करणारा माझा मित्र माइक लावून नुसताच बसला होता. तू चहा द्यायला आलीस तेव्हा तो म्हणाला, "मावशी, काहीतरी बोला, आवाज बघायचाय."

"आवाज बगतोस काय? ऐक की. आन चा घे आधी, गार व्हतोय."

त्यानं हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "हीच बाई."

मी तडकलो. दोनशे वर्षांनंतरचं यान आणि त्याचा कॉम्प्युटर असा बोलणार? लोक काय म्हणतील? तो शांतपणे चहा पीत म्हणाला, "गोष्टीत यान मुळशीतनंच सुटतंय ना तुझं? मग?" मी संवादांचा कागद तुझ्या हातात दिला. दुसरी बाई होती कुठं?

तू चौथी शिकलेली. कागद हातात घेऊन तू वाचलंस, "प्राणवायूची पातळी धोक्याच्या मर्यादेखाली गेली आहे. कृपया प्रवेशद्वार बंद करावे." पुन्हा एकदा वाचलंस आणि कागद मांडीवर ठेवलास.

"आत मानसं किती हायेत?"

"तीन."

"मरायला लागलीत?"

"हो."

"मग ही बया येवढं लांबण कशाला लावतीया? तिचं बोलून हुईस्तवर मरत्याल की ती." आणि माइककडे वळून, चुलीवरचं दूध उतू जाताना ओरडायचीस तशी ओरडलीस, "ए पोरांनो, हवा संपत आली हाय! दार लावा आधी, मग रडा!"

मी म्हणालो, असं लिहिलेलं नाही. तू म्हणालीस, "लिवलं न्हाई तर लिव. कागद तुझाच हाय."

दुपारभर हेच चाललं. मी दोन वर्षं घासूनपुसून लिहिलेला एकही संवाद तू धड ठेवला नाहीस. शेवटी माणसं यान सोडून जातात तिथं मी "मोहीम समाप्त" लिहिलं होतं. तू कागद बाजूला सारलास आणि म्हणालीस, "जावा आता. मागं बगू नका. मी हाय हितं." माझा मित्र डोळे पुसत होता आणि मी रुसून बसलो होतो. काय म्हणावं या दिवट्या दिग्दर्शकाला!

सिनेमा पुण्यात दोन आठवडे चालला. तू एकदाच बघितलास, तोंडाला पदर लावून, आणि घरी येताना म्हणालीस, "माजं बोलनं लई मोठ्यानं येत हुतं." श्रेयनामावलीच्या पाट्यांमध्ये तुझं नाव टाकू दिलं नाहीस. पुढं तो टीव्हीवर सुट्टीच्या दुपारी लागायला लागला आणि महाराष्ट्रभरची पोरं "दार लावा आधी" म्हणत मोठी झाली. तू हे बघायला नव्हतीस. सिनेमानंतर चार वर्षांत तू गेलीस.

आता ती वाईट गोष्ट. मी नावारूपाला आलो, भाषणं द्यायला लागलो. एकदा शहरात भाषण संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका विद्वान गृहस्थांनी विचारलं, "तो यानातला आवाज विनोदासाठी होता का हो?" सभागृह हसलं. आई, मीही हसलो. घरी आलो तो तुला सिनेमातून काढायचं ठरवूनच. मग मी सिनेमा पुन्हा केला. उडताना दाखवलेल्या छोट्या यानाचा पडद्यावर दिसणारा दोरा पुसला, डब्यांच्या जागी चकचकीत यान आलं, तारे लुकलुकायला लागले, आणि तुझ्या जागी एक गोड आवाज म्हणायला लागला, "कृपया दरवाजा बंद करा." जुन्या टेपवर खरखर होती असं मी सगळ्यांना सांगितलं. खरखर नव्हती. मला तुझी लाज वाटली होती. भाताची खोली पाडली तेव्हा टेपांचं खोकंही भंगारात घातलं. मित्रानं या कारणावरून बोलणं टाकलं, तर तोच आडमुठा आहे असं मी लोकांना सांगत फिरलो.

आणि मग इंटरनेटवर जे पेटलं! परदेशातल्या बड्या बड्या दिग्दर्शकांनी आपले जुने अवकाशपट असेच पुन्हा कापले, जोडले, रंगवले, तेव्हा तिकडचे चाहते भांडले होते. ती भांडणं मी मिटक्या मारत वाचली होती. आता आपल्या घरी लागली होती. एकानं लिहिलं, "सिनेमा त्याचा आहे, वाटेल ते करेल. चित्रकार आपलं चित्र पुसत नाही का?" दुसऱ्यानं लगेच हाणलं, "पुसतो. पण विकल्यावर लोकांच्या घरात शिरून पुसतो का?" तिसरा म्हणाला, "नवं यान देखणं आहे, पण त्यात कुणी राहत नाही." मी अर्थातच दिग्दर्शकाच्या बाजूनं. मुलाखतींत छाती काढून सांगायचो, माझा सिनेमा आहे, चुका सुधारायचा हक्क माझा. लोक शिव्या घालायचे आणि मला वाटायचं, आपण मोठे झालो.

मला जमिनीवर आणलं ते वरच्या खोलीतल्या पोरीनं. नांदेडची आहे, कंपनीत कामाला जाते. टाकीला पाणी नाही म्हणून तक्रार घेऊन आली आणि भिंतीवरचं पोस्टर बघून थबकली. "काका, हा तुमचा आहे? राग नका मानू, पण तो आवाज का काढला हो? ती बाई दार लावा म्हणाली की मी लहानपणी उठून आमच्या घराचं दार लावून यायचे. तुमची नवीन बाई बोलते, तर वाटतं, लावलं काय अन् नाही लावलं काय."

मी ठोकून दिलं, "टेपवर खरखर होती."

"असू द्या की. आमच्या आजीच्या आवाजात पण होती."

ती गेली. मी मोटर चालू केली आणि पायरीवरच बसून राहिलो. हक्काच्या गप्पा मारत होतो, पण माझा सिनेमा सगळ्यांत आधी तू बदलला होतास, तेही माझ्या तोंडावर. आणि तू बदललंस तेवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं होतं.

गेल्या वर्षी एका कंपनीनं सिनेमा कायमचा जपून ठेवायचं ठरवलं. कुठला तरी एकच द्या म्हणाले, जो द्याल तोच पुढं राहील. मला जुना द्यायचा होता, पण जुन्या प्रिंटवरचा आवाज पार विरला होता आणि टेप कुठं होती? लोकांनी घरी टीव्हीवरून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तुझ्यावर यानाचा धडधडाट, संगीत, असलं काय काय चढलेलं. हे शोधता शोधता लक्षात आलं की घरात तुझे फोटो तीन आहेत, आवाज एकही नाही. मी नुसता सिनेमातला आवाज फेकला नव्हता, तुझ्या एकटीचा जगात होता तेवढा सगळा आवाज भंगारवाल्याला देऊन टाकला होता. त्या दिवशी मी रडलो. तुझ्या मर्तिकाला रडलो नव्हतो तेवढा.

मग चाहत्यांच्या त्या भांडणात जाऊन मी माझ्या नावानं लिहिलं, खरखर नव्हती, तो आवाज माझ्या आईचा होता, मला लाज वाटली आणि मी टेप फेकली. दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. आठ वर्षांनी.

"ये घेऊन जा. तू फेकलीस ती कॉपी. मूळ टेप मी तुला दिलीच नव्हती."

"का रे?"

"भरवसा नव्हता तुझा."

इतका गोड अपमान माझा कुणी केला नव्हता.

जुना सिनेमा पहिल्यांदा तालुक्याला, पौडला दाखवला, शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. कुठून कुठून माणसं आली. तुझ्या माहेराहून, रिह्याहून, मामाची सगळी मंडळी टेम्पो करून आली. त्यांतल्या कितीजणांना अंतराळ कशाशी खातात हे माहीत होतं देव जाणे. यानाचा दोरा दिसला तशा टाळ्या पडल्या. मग तू बोललीस, आणि सगळा हॉल तुझ्याबरोबर ओरडला, पुण्याची पोरं, नांदेडची ती पोरगी, टोपी घातलेले म्हातारे, सगळे तुझ्याच बोलीत, तुझ्याच ठसक्यात. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. इतकं मोठं कुठल्या बक्षिसानं कधी वाटलं नव्हतं. ही माझी आई, असं शेजारच्या अनोळखी माणसाला दोनदा सांगितलं. पाट्यांत यानाचा आवाज म्हणून तुझं नाव आहेच, पण 'संवाद' या पाटीवरही आधी तुझं आहे आणि खाली माझं. तू नको म्हणाली असतीस. तुझं ऐकलं नाही.

आता राहिलेलं सांगतो. टेपवर तुझं शेवटचं वाक्य संपतं आणि मी रुसून बाहेर जातो, दार आपटल्याचा आवाज येतो. मित्र टेप बंद करायला विसरतो. तो विचारतो, "मावशी, गोष्ट कळली का?"

"येक अक्षर न्हाई कळलं, बाबा. कुटलं यान, कुटले तारे. पन त्यो म्हनतोय तर आसंल. माजा पोरगा हाय, उगा कायबी करायचा न्हाई." मग बांगड्या वाजतात आणि तू हळूच म्हणतेस, "त्याला सांगू नगंस हां, मला कळलं न्हाई म्हनून. हिरमुसंल."

चाहत्यांनी बजावलं होतं, कंपनीला टेपही अख्खी द्या, या वेळी काही कापू नका. अख्खी दिली असं मी लिहूनही मोकळा झालो. पण हे चाळीस सेकंद मी कापले. पुन्हा कापलं आणि पुन्हा खोटं बोललो. आणि हे पत्रही पाठवणार नाही, कारण पाठवलं तर तू लपवलंस ते मला कळलंय, हे तुला कळेल.