वेनोका तलावाकाठचे माझे घर आणि मिरियम पर्लमन

मी, ॲडिलेड क्रोल, व्हर्नन क्रोल यांची विधवा, वय ७६, राहणार वेनोका तलाव, न्यू जर्सी, गुडघे निकामी झाले असले तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते.

१. व्हर्नचे सुतारकामाचे सामान व वल्ह्यांची होडी शेजारी एल्मर टटल यांना द्यावी. घरमालकांच्या क्लबच्या १९५६ च्या सभेत पर्लमन कुटुंबाला सभासद करून घ्या म्हणून हात वर करणारे ते एकटेच. माझा हात मांडीवरच होता.

२. या क्लबला फुटकी कवडी देऊ नये. माझ्या वडिलांसह अकरा जणांनी १९२९ साली ओढ्यावर बांध घालून हा तलाव केला, क्लब काढला आणि पहिल्याच नियमात ज्यूंना मज्जाव केला. पर्लमन ज्यू होते; त्यांनी तरीही रस्त्यापलीकडचे, क्लबच्या हद्दीबाहेरचे घर घेतले.

३. मी क्लबची चिटणीस होते. १९५७ च्या जुलैत किनाऱ्यावर सभासदांचे बिल्ले तपासत होते. पर्लमन यांची दहा वर्षांची मिरियम टॉवेल घेऊन आली.

"मिसेस क्रोल, मी इथं पोहू का?"

"बिल्ला कुठंय?"

"आम्हाला देत नाहीत."

"मग नाही पोहता यायचं."

"बरं," म्हणाली आणि बांधाकडे गेली. तिथे जीवरक्षक नसे. तासाभराने तिला बाहेर काढले, तेव्हा सगळे संपले होते.

पुढच्या सभेत व्हर्न, म्हणजे अध्यक्ष, म्हणाला, "ॲडी, हे लिहायचं नाही हं." मी इतिवृत्तात लिहिले, 'पोहण्याचा हंगाम सुरळीत पार पडला.'

४. घर मिरियमची धाकटी बहीण रूथ हिला द्यायचे ठरवले होते. मार्चमध्ये तिला बोलावून सारे सांगितले. तिने अंगातला कोटही काढला नाही.

"आई मरेपर्यंत म्हणायची, पोरगी हट्टी, कुणाला न विचारता पाण्यात गेली," ती म्हणाली. "आम्ही इथून निघालो त्या दिवशी तुम्ही केक घेऊन आला होतात. तेव्हाही तिला सांगितलं नाहीत?"

मी घराची कागदपत्रे तिच्यापुढे सरकवली.

"घर नको मला," म्हणून ती निघून गेली.

५. म्हणून घर पाडावे. जागा गावाला द्यावी; अट एकच, तिथे पोहायला येणाऱ्या कोणालाही अडवू नये. बँकेतील शिलकेतून जीवरक्षक नेमावा.

६. हे मृत्युपत्र क्लबच्या सभेत मोठ्याने वाचावे, त्याची प्रत रूथला पाठवावी आणि इतिवृत्तात एवढी दुरुस्ती करावी: मिरियम पर्लमन हट्टी नव्हती. तिने विचारले होते. मी नाही म्हटले.

वरील सर्व माझ्या हातचे असून खालील दोघांसमक्ष सही केली.

ॲडिलेड क्रोल
साक्षीदार: डोरोथिया विंक, परिचारिका, फ्रँक ओस्मन, पोस्टमन
वेनोका तलाव, ९ मे १९९४