मोहाखालच्या हाका

२ एप्रिल
पोचले एकदाची! चंद्रपूर स्टेशनवरून जीपने मोहर्ली, आणि पुढे नुसती धूळ. सगळं ध्यानशिबिराच्या जाहिरातीत होतं तसंच आहे: मातीच्या खोल्या, कंदील, प्लास्टिक नावालाही नाही. स्टीलची बाटली, बांबूचा ब्रश, कापडी पिशव्या असा सगळा शहाणपणा मी पुण्याहून बांधूनच आणलाय. फोन ऑफिसात जमा. दुपारपर्यंत सगळ्या पाहुण्यांना मौन. ओठांवर बोट ठेवलेल्या बाईची पाटी जिथे तिथे. शिबिर चालवणारा अतुल फार गोड बोलतो. स्वयंपाकघरातल्या ललिताबाईंनी मोहाचे लाडू दिले. मी लाज न बाळगता तीन हाणले.

३ एप्रिल
पहाटे ध्यानाला बसले आणि कुंपणापलीकडे बायकांचा ओरडा सुरू. मोहाची फुलं वेचायला येतात म्हणे. वेचा ना बायांनो, पण गप्प वेचा! एक ओरडते, "बुधरी वो—", की लांबून "ओ—". पुन्हा तेच. डोकं उठलं माझं.
दुपारी मौन सुटताच अतुलला गाठलं. जंगल हे प्राण्यांचं घर, तिथे आरडाओरडा करणं बेजबाबदारपणाचं आहे, असं नीट समजावलं. त्याला पटलं. गावातल्या बऱ्याच घरांना शिबिरात काम आहे, त्यामुळे ऐकतील म्हणाला. बुधरी ही ललिताबाईंची जाऊ, तेव्हा निरोप त्यांच्याच हाती.

४ एप्रिल
अहाहा, काय शांतता! पहिल्यांदा ध्यान लागलं. आपल्या एका शब्दाने जंगलाचं केवढं भलं झालं, असं वाटून दिवसभर खुशीत होते.

५ एप्रिल
बुधरी काल घरी परतलीच नाही. आज तिची टोपली सापडली, मोहाखाली, अर्धी भरलेली. थोडं पुढे ती. वाघाने नेलं होतं.
म्हणजे काल मी डोळे मिटून बसले होते, तेव्हाच.
ललिताबाई तरीही कामावर आल्या. भाकरी थापता थापता सांगत होत्या, की वाकून वेचणारी बाई वाघाला माणूस वाटतच नाही, म्हणून एकमेकींना हाका मारत राहायचं. "मीच सांगतलं तिले, पाहुण्याइले तरास होते, चूप राय म्हणून." कोणत्या पाहुण्याला, ते त्यांना ठाऊक नाही. मी तिथेच उभी होते. सांगायला हवं होतं. पण सकाळ होती, मौन होतं, मी मान खाली घातली. लिहितानाही लाज वाटते.

६ एप्रिल
पहाटे हाक आली. "ललिता वो—"
बायका तर आता येतच नाहीत. शेजारच्या खोलीत कुणीच काही ऐकलं नाही. मी ऐकलं. लांबून "ओ—" देणारा तोच आवाज होता.

७ एप्रिल
आज "मयुरीबाई वो—". खिडकीखाली. माझं नाव तिला कुणी — उशी तोंडावर दाबली. ओ दिला नाही.
संध्याकाळी ललिताबाईंना सगळं सांगून टाकलं. तक्रार माझी होती. माझ्यामुळे गेली ती. त्या भांडं घासतच राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "उद्या चला माह्यासंगं मोहाखाली. ओ देल्ला का थांबते ते हाक."

८ एप्रिल
वही सोबत आणलीय, तेवढाच धीर. ललिताबाईंनी मला इथे बसवलं, त्या समोरच्या झाडाखाली. त्या हाक मारणार, मी ओ देणार. असंच ठरलंय.
उजाडलं. हाक नाही. ना त्यांची, ना तिची —
पाला वाजला. मागे.
वारा नाही. थांबला — पुन्हा, जवळ —
ओरडले मी. "ललिताबाई वो—"
ओ नाही.
पुन्हा ओरडले. त्या उठल्या. बघतायत. माझ्याकडे नाही, माझ्या मागे — आणि ओठांवर बोट —