पुढचं की मागचं?

डोंबिवली (पूर्व),
आखाडातला शेवटून दुसरा रविवार

ती. मधुमामा यांस,
केदारचा शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त आठपैकी पाचच अंगं टेकली असं समजावं.) तुमची शुगर, मामींचा गुडघा आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे हेमांगी बरी आहे, शौनक बरा आहे, आणि तुमची ताई, म्हणजे आमच्या सासूबाई, इतक्या बऱ्या आहेत की बाकीच्यांना बरं राहणं भागच पडतं. पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फॅमिली ग्रुप सोडलात, माझा फोन उचलत नाही, मग माणसाने काय कबुतर पाठवायचं? उद्या ठाण्याला ऑफिसला जाताना तुमच्या वॉचमनकडे देईन.

तर मामा, गेल्या आखाडात आमच्याकडे पहिल्याच घासाला तुम्ही म्हणालात, "ताई, बोकड तुझ्याच वयाचा दिसतोय." (वाक्य चांगलं होतं. वेळ चुकली.) त्यावर आई म्हणाल्या की माझं मटण कधी जून निघालेलं नाही, आणि आजपासून या हाताने मटण शिजणार नाही. तुम्ही ताटातली नळीसुद्धा न चोखता उठलात. तेव्हापासून राखी नाही, भाऊबीज नाही, आणि या घरात मटणही नाही. तुम्हा बहीणभावाच्या भांडणात माझा काय गुन्हा? मी मटण खायला शिकलो तो लग्नानंतर, तुमच्याच पंक्तीला बसून. आमच्या माहेरी (पुरुषाला माहेर असतं की नाही, ठाऊक नाही) रविवारची जास्तीत जास्त हिंसा म्हणजे अळूवडी कापणे. आता श्रावण तोंडावर आला, मग पुढे गणपती, म्हणजे पार दसऱ्यापर्यंत उपास. शेवटी मी शनिवारी जाहीर केलं की मटण मी आणणार आणि मीच करणार. हेमांगी हसली. आई हसल्या नाहीत, पण पेपर उलटा धरून वाचत राहिल्या.

सकाळी सातला रांगेत उभा राहिलो. आखाडातली रांग ती, दुकानापासून थेट बँकेच्या एटीएमपर्यंत गेलेली. काही लोक पैसे काढायला म्हणून उभे होते, त्यांना बिचाऱ्यांना अर्ध्या तासाने कळलं. तेवढ्यात हेमांगीचा मेसेज आला, "चाप विसरू नकोस, आईला आवडतात." मी म्हटलं, हे एक सोपं काम आहे. पुढच्या माणसाला नंबर धरायला सांगून शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातून केसांचे काळे चाप डझनभर घेऊन आलो. (बोकडाच्या बरगडीलाही चाप म्हणतात, हे तुम्ही तेरा वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत. तुम्ही नुसतं बोट दाखवायचात आणि खाटीक मान डोलवायचा. ही काय शिकवण्याची पद्धत झाली?) मग माझा नंबर आला. दुकानदाराने सुरी पुसली आणि विचारलं, "बोला शेठ, पुढचं की मागचं?" माझ्या मागे एक आजोबा काठीवर रेलून केव्हाचे उभे होते. शेवटी आपल्यावर काही संस्कार आहेत की नाही? मी म्हटलं, "आधी मागचं बघा, मला घाई नाही." त्याने लगेच टांगलेली आख्खी मागची तंगडी उतरवली आणि सपासप तुकडे करायला घेतले. आजोबा म्हणाले, "रश्श्याला मागचं नेताय? पुढचं घ्यायचं असतं, खांदा, सीना, चाप." पण तोवर दीड किलो मागचं पिशवीत पडलेलं, आणि वर नाही म्हणायची लाज. नळ्या तेवढ्या त्यात आपसूक आल्या.

घरी आल्यावर खरा तमाशा. आईंनी शिजवणार नाही अशी शपथ घेतली होती, बोलणार नाही अशी नव्हे. त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि कुंडीतल्या तुळशीशी बोलू लागल्या. "एखाद्याला वाटेल कांदा झाला. आपण काय बोलणार?" "खोबरं करपतंय बाई, पण लोकांना सर्दी झालीये." तुळशीच्या कृपेने वाटण पार पडलं. आता वरणाला तीन शिट्ट्या, म्हणून मटणाला मी दुप्पट, सहा दिल्या. उघडलं तर तुकडा जमिनीवर पडून टप्पा घेईल असा. आणखी नऊ दिल्या. उघडलं तर तुकडेच नाहीत, सगळा दोरा. तरी रश्श्याला रंग झक्कास आलेला. शेवटी चव बघितली, काहीतरी कमी वाटलं, आणि मामा, हात आपला सवयीने डाव्या बाजूच्या डब्याकडे गेला. तो डबा कशाचा, हे पुढे येईलच. असो. एकंदरीत मटण उत्तम झालं, सगळ्यांनी चवीने खाल्लं, आणि आम्हाला आता मटणासाठी तुमच्यावर अवलंबून राहायची गरज उरलेली नाही. हे कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच. मामींना नमस्कार, आणि मान ताठ ठेवून राहा, तशी ती तुमची असतेच.

तुमचा (भाचीकडून लागलेला),
केदार

ता. क. : डबा गुळाचा होता. चवीने खाल्लं हे खोटं. शौनकने पहिल्या घासाला विचारलं, "बाबा, आमटीत मटण कुणी टाकलं?"

ता. क. २ : आई मात्र पानावर बसल्या. पहिला घास पुष्कळ वेळ चावला. मग म्हणाल्या, "मधूने हे खाल्लं असतं तर," आणि थांबल्या. वर्षभरात तुमचं नाव पहिल्यांदा निघालं. नंतर पातेल्यातली मोठी नळी काढून वाटीत ठेवली, वर ताटली झाकली आणि फ्रीजमध्ये मागे सरकवली. शौनकने मागितली तर म्हणाल्या, "ती नाही. ती ज्याची त्याची आहे." मामा, मला भरून आलं हो. पुढचा रविवार आखाडातला शेवटचा आहे. या ना. मी पाया पडतो, कंबर धरलेली असली तरी.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायच्या आत आईंनी पत्र ओढून घेतलं. (अंबाड्याला मी आणलेला चाप लावलाय.) वाचून झाल्यावर खाली थोडी जागा सोडून स्वतः चार ओळी लिहिल्या. मला वाचायची बंदी होती. मी वाचल्या.

मधू,
त्या दिवशीचा बोकड जूनच होता. मला पहिल्या शिट्टीलाच कळलं होतं.
मागचं सोड. रविवारी येताना पुढचं आण.
ताई