करेक्ट

३ नोव्हेंबर, सोमवार
सगळी भाषा गेली, एक शब्द उरला. तोही इंग्रजी — करेक्ट!
बाबांनी कुहीच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. अर्ध्या तालुक्याच्या वह्यांवर लाल शाईत हाच शेरा. लकव्यानं बाकी सगळं पुसलं, हा तेवढा ठेवला.
बोलणं शिकवायला येते ती गुंजन म्हणाली, "ताई, दुसरा शब्द आला पाहिजे. कोणताही. एक आला की मागून बाकीचे यायले लागतात."
नाही आला तर? विचारलं नाही. माझी जीभ म्हणे कात्री. तिथं चाललीच नाही.

५ नोव्हेंबर
शेजारचे भैयाजी तासभर राजकारण बोलले. कोणी कोणाचा 'करेक्ट कार्यक्रम' केला वगैरे — म्हणजे काटा काढला. शब्दाला तरी काय काय कामं करायला लावतात लोक! बाबा दर वाक्याला "करेक्ट". भैयाजी खूश — "पाहा, सरांले माझंच पटून राहिलं!"
मला नीट ऐकू येत होतं. पहिला करेक्ट म्हणजे 'बसा'. शेवटचे चार म्हणजे 'उठा आता'.

९ नोव्हेंबर, रविवार
आज नुसती ऐकत बसले. चहात साखर कमी — "करेक्ट?" उशी टोचते — "करेक्ट, करेक्ट!" आई न्हाऊन, केस विंचरून समोर आली, तर इतक्या हळू म्हणाले की मी खिडकीकडे पाहिलं. आई लाजली! बहात्तराव्या वर्षी! "काहीही बोलतात वं हे, पोरीसमोर!"
एका विशेषणात एवढं मावतं? मी दर आठवड्याला पेपरात आठशे शब्द उधळते. त्या शब्दांनी आजवर कोणी लाजलेलं नाही.

१३ नोव्हेंबर
दुसरा शब्द आजही आला नाही. चपला घालताना गुंजन नुसतं, "बघू ताई."

१४ नोव्हेंबर
बाबांवर लेख लिहिला. घाबरले की मी लिहिते, दुसरं काही येत नाही. पूर्वी छापायला देण्याआधी प्रत्येक लेख त्यांना वाचून दाखवायची. चूक काढल्याशिवाय एकही कागद परत दिला नाही त्यांनी. "घाई काहून केली वं?"
हा दाखवावा का?

१६ नोव्हेंबर, रविवार
वाचला. डोळे मिटून ऐकत होते. शेवटचं वाक्य — 'बाबांकडे आता एकच शब्द उरला आहे.'
डोळे उघडले. कागद ओढला. त्या ओळीवर बोट टेकवलं —
"राँग!"